अक्षरलोगोचा दृश्य तोल: पहिल्या रेघेपासून अंतिम फाइलपर्यंत

अक्षरांचा लोगो पाहून ‘यात काहीतरी खटकते आहे’ असे म्हणणारा माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो, फक्त नेमके काय खटकते ते त्याला सांगता येत नाही. ते शोधून दुरुस्त करणे हे अक्षरांकन करणाऱ्याचे काम आहे. खटकणारी गोष्ट बऱ्याचदा अगदी लहान असते: एका अक्षराशेजारची पोकळी जास्त मोकळी राहिलेली असते, एखादी गाठ काळी पडलेली असते, किंवा मोजमापाने सारख्या असलेल्या दोन रेघा डोळ्याला वेगळ्या जाडीच्या वाटत असतात. गूगलने २०१४ साली आपल्या तेव्हाच्या नाममुद्रेतले दुसरे ‘जी’ एका पिक्सेलने उजवीकडे, तर ‘एल’ एका पिक्सेलने खाली आणि उजवीकडे सरकवले होते. इतका बारीक बदल करावासा वाटला, कारण तोल अशाच बारकाव्यांत सापडतो आणि त्यांतच बिघडतो.

दृश्य तोल म्हणजे सममिती नव्हे. शब्दात काळे, म्हणजे रेघ, आणि पांढरे, म्हणजे रेघांमधली व रेघांभोवतालची मोकळी जागा, अशा दोनच गोष्टी असतात, आणि नजर शब्दावरून डावीकडून उजवीकडे जाताना या दोहोंपैकी कशातच ती अडखळली नाही की शब्द तोलात आहे असे आपण म्हणतो. नवशिक्याचे सगळे लक्ष काळ्याकडे असते. माझा अनुभव असा आहे की लोगोतल्या बहुतेक चुका पांढऱ्यात असतात, आणि म्हणून या लेखातही पांढऱ्याचा विचार जरा जास्तच आहे.

पुढची सगळी प्रक्रिया मी एकाच शब्दावर दाखवते: ‘निर्मळ’. हा शब्द मुद्दाम अवघड निवडला आहे. त्याच्या डाव्या भागात उभे दंड दाटीने आले आहेत, उजव्या टोकाला ‘ळ’ पूर्ण गोलाईचा आहे, आणि शिरोरेषेच्या वर वेलांटी व रफार हे दोन्ही डावीकडे आणि मध्यावर आल्यामुळे ‘ळ’च्या डोक्यावर काहीच उरत नाही.

आधी शब्द वाचा, मग काढा

पेन्सिल उचलण्यापूर्वी शब्दातल्या आकारांची यादी करावी. ‘निर्मळ’मध्ये तीन पूर्ण दंड आहेत: वेलांटीचा, ‘न’चा आणि ‘म’चा उजवा. ‘म’चा डावा दंड अर्धाच उतरतो आणि गाठीत संपतो. ‘न’ आणि ‘म’ या दोघांच्याही डाव्या बाजूला गाठ आहे आणि तिथून उजव्या दंडाकडे जाणारी आडवी रेघ आहे, म्हणजे या दोन अक्षरांत नात्याची एक जोडी आपोआप मिळाली. ‘ळ’ मात्र या कुटुंबात एकटा पडतो. त्याला दंड नाही, तो शिरोरेषेला एका आखूड देठाने लोंबतो, आणि अनेक फाँटांमध्ये त्याच्या पाकळ्या पायापर्यंत, म्हणजे अक्षरे खाली ज्या रेघेवर टेकतात तिथपर्यंत, पोचतही नाहीत.

एवढ्या निरीक्षणातून अडचण स्पष्ट होते. डावीकडे वजन आहे, आधार आहे, वरची चिन्हेही आहेत, आणि उजवीकडे एक गोल आकार अधांतरी आहे. शब्द डावीकडे कलणार हे काढण्याआधीच कळले. प्रत्येक नावाची अशी एक मूळ अडचण असते, आणि ती एका वाक्यात लिहून काढावी असा माझा आग्रह आहे, कारण पुढचे सगळे निर्णय त्या वाक्यालाच उत्तर देत असतात. मराठी नाव असेल तर याच टप्प्यावर अक्षरांची रूपेही ठरवावीत. पाकळ्यांचा ‘ल’ आणि दंडाचा ‘ल’ यांचे वजन अगदी निराळ्या ठिकाणी पडते. देठाच्या ‘श’चेही तसेच. मराठी वाचकाच्या डोळ्याला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हीच रूपे आपली वाटतात, त्यामुळे दुसरे रूप निवडायचे झाल्यास त्याला सबळ कारण हवे.

यानंतर आगपेटीच्या आकाराची वीस-पंचवीस छोटी रेखाटने करावीत. त्यांत जाडी, गोलाई, रफाराची लांबी, शिरोरेषेचा विस्तार असे काहीही बदलून पाहावे. लहान आकारात बारकावे काढताच येत नसल्यामुळे हात आपोआप वजनाच्या वाटणीकडेच लक्ष देतो. संगणकावर थेट फाँट उघडून नाव टाइप करण्याने हा टप्पा सुटतो, आणि मग एखाद्याने दुसऱ्याच हजारो शब्दांसाठी केलेली तडजोड आपल्या एका शब्दावर लादली जाते.

सांगाडा आणि रुंदी

निवडलेले रेखाटन मोठ्या कागदावर घ्यावे. शिरोरेषेच्या वरच्या कडेपासून पायापर्यंतचे अंतर १०० मिलिमीटर धरले की पुढची सगळी मापे टक्क्यांसारखी वाचता येतात आणि हिशेब सोपा होतो. शिरोरेषा, पाया, वरच्या चिन्हांची मर्यादा आणि उकार असल्यास खालची मर्यादा अशा चार रेघा फिकट आखाव्यात. ‘निर्मळ’साठी वरची मर्यादा मी शिरोरेषेच्या वर ४० मिलिमीटरवर ठेवली, म्हणजे एकूण उंची १४० झाली.

आता जाडी न देता, नुसत्या एका रेघेने अक्षरांचे सांगाडे काढावेत. इथे सर्वांत मोठा मोह असतो तो सगळी अक्षरे समान रुंदीची करण्याचा. तसे केल्यास ‘न’ ताणलेला दिसतो आणि ‘म’ कोंबलेला, कारण ‘म’च्या आत बंद चौकट आहे: वर शिरोरेषा, दोन बाजूंना दंड, खाली आडवी रेघ. बंद जागा डोळ्याला असते त्याहून लहान आणि गर्द भासते, उघडी जागा बाहेरच्या पांढऱ्याशी मिसळून मोठी भासते. म्हणून ‘न’ला ६०, ‘म’ला ७० आणि ‘ळ’ला ८० मिलिमीटर अशी सुरुवात केली. ही मापे या शब्दापुरती आहेत. दुसऱ्या नावात ती बदलतील, पण बंद पोकळीच्या अक्षराला जास्त रुंदी लागते हे सूत्र टिकेल.

‘ळ’ला सर्वांत जास्त रुंदी देण्यामागे दुसरेही कारण आहे. त्याला एकट्याने उजवी बाजू सांभाळायची आहे. त्याच्या पाकळ्या मी मुद्दाम मोठ्या केल्या आणि पायापर्यंत खाली आणल्या, म्हणजे तीन दंड जमिनीवर उभे आणि चौथा आकार हवेत, असे चित्र राहिले नाही.

जाडी कुठे आणि किती

सांगाडा पटल्यावरच त्यावर मांस चढवावे. पहिला प्रश्न असा की रेघ सर्वत्र एकाच जाडीची ठेवायची की लेखणीसारखी जाड-बारीक. जाड-बारीक ठेवायची असेल तर लेखणीची दिशा आधी ठरवली पाहिजे. देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट दिशेचा असतो. त्यामुळे उजवीकडून खाली डावीकडे येणारी रेघ जाड आणि डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ बारीक होते, तर रोमनमध्ये नेमके याच्या उलट घडते. रोमनचा ताण देवनागरीवर चढवलेले लोगो पुष्कळ दिसतात. ते वाचता येतात, पण सवयीच्या डोळ्याला परके वाटतात, आणि हा परकेपणा अनेकदा तोल बिघडल्यासारखाच जाणवतो.

‘निर्मळ’साठी समजा आपण एकसारख्या जाडीचा मार्ग घेतला. दंड १६ मिलिमीटरचा. मग शिरोरेषाही १६ची का नको? कारण समान जाडीची आडवी पट्टी उभ्या पट्टीपेक्षा जाड भासते. खात्री करून घ्यायची असेल तर एका चौकोनी कागदावर समान जाडीच्या पट्ट्यांचे अधिक चिन्ह काढावे आणि ते फिरवून फिरवून पाहावे. प्रत्येक वेळी जी पट्टी आडवी येईल तीच भारी वाटते. म्हणून शिरोरेषा मी १४ मिलिमीटर घेतली, म्हणजे आठव्या हिश्श्याने बारीक. लांब शब्दात ती आणखी थोडी कमी करावी लागते, कारण शिरोरेषा शब्दभर सलग धावते आणि शब्द जितका लांब तितका तिचा भार वाढत जातो. ‘न’ आणि ‘म’मधल्या आडव्या रेघा आखूड आहेत, त्यांना १४ चालतात.

गोलाईचा हिशेब वेगळा. वर्तुळाकार रेघ तिच्या सर्वांत फुगीर जागी दंडाइतकीच जाड ठेवली तर ती बारीक दिसते, कारण डोळ्याला तिची कमाल जाडी फक्त एका बिंदूपाशी मिळते. ‘ळ’च्या पाकळ्यांची बाहेरची बाजू म्हणून साडेसोळा ते सतरा मिलिमीटर हवी. याच कारणाने गोल आकार पायाच्या रेघेवर नुसता टेकला तर किंचित वर राहिल्यासारखा दिसतो, आणि त्याला एकूण उंचीच्या एक ते तीन टक्के रेघेपलीकडे जाऊ द्यावे लागते. आपल्या मापात ते दोन मिलिमीटर झाले. रोमन ‘ओ’ हे अक्षरसुद्धा सपाट अक्षरांच्या वर आणि खाली असेच थोडे ओसंडलेले असते.

सांध्यांकडे जवळून पाहा

जिथे दोन रेघा भेटतात तिथे काळे साचते. ‘न’ची गाठ याचे उत्तम उदाहरण आहे. तिथे गोल वळण आणि आडवी रेघ एकमेकांत मिसळतात, मध्ये जेमतेम सहा मिलिमीटरची पोकळी राहते, आणि थोड्या अंतरावरून पाहिले की तिथे शाईचा थेंब पडल्यासारखा डाग दिसतो. उपाय असा की सांध्याकडे येणारी रेघ आधीपासून हळूहळू बारीक करावी. आडवी रेघ उजव्या दंडापाशी १४ असेल तर गाठीत शिरताना ती ११ पर्यंत आणावी आणि गाठीची आतली पोकळी बाहेरच्या आकाराच्या प्रमाणात किंचित मोठी ठेवावी. ही निमुळती जागा कोणाच्या लक्षात येत नाही. लक्षात येते ती फक्त अक्षराची स्वच्छता. भूमितीवर उभा असल्याचा लौकिक असलेला ‘फ्युचुरा’ हा पॉल रेनर यांचा १९२७ चा टाइपसुद्धा मोठा करून पाहावा: गोल भाग दंडाला मिळतो तिथे रेघ बारीक झालेली दिसते. देवनागरीत जाड वजनाचे नमुने अभ्यासायचे तर ‘एक टाइप’ या अक्षररचना करणाऱ्या संस्थेने केलेला ‘बालू’ हा फाँट मोठ्या आकारात उघडावा आणि त्याच्या गाठी व सांधे एकेक करून पाहावेत. जाडी इतकी असूनही पोकळ्या जिवंत कशा ठेवल्या आहेत हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

रोमन अक्षरांत काम असेल तर आणखी एक भास लक्षात ठेवावा. तिरपी रेघ जाड पट्टीच्या मागून गेली की तिचे दोन तुकडे एका ओळीत नसल्यासारखे दिसतात. योहान पोगेनडॉर्फ यांनी १८६० साली हा भास नोंदवला. त्यामुळे जाड-बारीक ‘एक्स’मधली बारीक रेघ पट्टीने सरळ आखली तर ती तुटलेली वाटते, आणि तिचे दोन भाग एकमेकांपासून थोडे सरकवले की ती सरळ दिसू लागते.

पांढऱ्याची वाटणी

आता अक्षरे शेजारी मांडायची. दोन अक्षरांमधले अंतर मोजपट्टीने समान ठेवले तर शब्द विस्कळीत दिसतो, कारण नजर रेघ ते रेघ अंतर मोजत नाही, दोन अक्षरांमधल्या पांढऱ्या जागेचे आकारमान जोखते. त्या जागेत वाळू ओतायची आहे अशी कल्पना करावी, आणि प्रत्येक फटीत साधारण सारखीच वाळू मावली पाहिजे. दोन सरळ दंड समोरासमोर आले तर त्यांत सर्वांत जास्त अंतर ठेवावे, दंड आणि गोल असेल तर त्याहून कमी, आणि दंडासमोर उघडी बाजू असेल तर सर्वांत कमी.

‘निर्मळ’मध्ये वेलांटीच्या दंडासमोर ‘न’ची गाठीची बाजू आहे. तिच्या वर आणि खाली मोकळी जागा आहेच, त्यामुळे वेलांटी बरीच जवळ घेता येते. ‘न’चा दंड आणि ‘म’चा डावा दंड हे समोरासमोर आहेत, इथे अंतर वाढवावे लागते, पण खाली ‘म’ची गाठ डावीकडे थोडी बाहेर येत असल्यामुळे तिथे चिमटा बसतो. अंतर आणखी वाढवले तर वरची जागा फाटते. अशा वेळी अंतराशी झगडत बसू नये, अक्षरच बदलावे: गाठ एक-दोन मिलिमीटर आत ओढली की दोन्ही प्रश्न सुटतात. स्वतः अक्षर काढण्याचा हाच मोठा फायदा आहे, फाँटात ही मुभा नसते. ‘म’ आणि ‘ळ’मध्ये मात्र पाकळीची फुगीर बाजू दंडाच्या बरीच जवळ नेता येते, आणि नेलीच पाहिजे, कारण पाकळीच्या वर शिरोरेषेखाली आधीच मोठी पोकळी आहे.

ही वाटणी तपासण्याची माझी पद्धत अशी. चित्रावर ट्रेसिंग पेपर ठेवून अक्षरे अजिबात न गिरवता फक्त पांढऱ्या जागा पेन्सिलीने भरायच्या. शिरोरेषा आणि पाया यांच्यामधली प्रत्येक फट, प्रत्येक पोकळी. मग चित्र बाजूला काढून नुसत्या भरलेल्या जागांकडे पाहायचे. ‘निर्मळ’च्या पहिल्या मसुद्यात ‘ळ’च्या देठाच्या दोन बाजूंचे तुकडे इतर सगळ्यांपेक्षा ठळकपणे मोठे निघाले होते. अक्षराकडे पाहताना हे मला दिसत नव्हते. देठ आखूड करून पाकळ्या वर उचलल्यावर ते तुकडे आटोक्यात आले, आणि पायाशी स्पर्श टिकवण्यासाठी पाकळ्या उंच कराव्या लागल्या, त्यामुळे उजवीकडचे वजन आपसूकच वाढले.

पांढऱ्या जागेचे महत्त्व पटवण्यासाठी फेडेक्सच्या नाममुद्रेचे उदाहरण नेहमी दिले जाते. लिंडन लीडर यांनी १९९४ साली केलेल्या या रचनेत ‘ई’ आणि ‘एक्स’ यांच्यामधल्या पांढऱ्या जागेतून बाण तयार होतो. तो बाण स्वच्छ दिसतो, कारण दोन्ही अक्षरांच्या उंची आणि कडा त्या पोकळीला नेमका आकार देतील अशाच ठेवलेल्या आहेत.

शिरोरेषा: सलग, तुटक की अजिबात नको

शिरोरेषा सलग ठेवली की ती अक्षरांना बांधून ठेवते आणि अंतरातल्या काही चुका झाकते. मोडीत तर आधी पूर्ण ओळभर रेघ ओढून मग तिच्याखाली अक्षरे लिहिली जात. लोगोत शिरोरेषा काढून टाकण्याची पद्धत सध्या बरीच दिसते, आणि त्याला माझी हरकत नाही, मात्र तिच्याबरोबर बांधणीही जाते हे ध्यानात ठेवावे. ‘म’ची बंद चौकट उघडी पडते, ‘ळ’चा देठ कशालाच लोंबत नाही, आणि सगळी अंतरे पुन्हा मुळापासून ठरवावी लागतात, साधारणपणे ती कमी करावी लागतात. सलग ठेवायची असेल तर तिची दोन टोके हा खरा निर्णयाचा भाग आहे. ‘निर्मळ’मध्ये डावीकडे ती वेलांटीच्या दंडापलीकडे थोडीच बाहेर काढली आणि उजवीकडे ‘ळ’च्या पाकळीपलीकडे दंडाच्या जाडीइतकी पुढे नेली. डाव्या बाजूच्या वजनाला उजवीकडून मिळालेले ते छोटेसे उत्तर आहे.

वरची चिन्हे

या शब्दाचा तोल खऱ्या अर्थाने वेलांटी आणि रफार यांच्यावर ठरतो. वेलांटीची कमान तिच्या दंडावरून निघून ‘न’च्या दंडाकडे उतरते. रफार ‘म’च्या उजव्या दंडावर बसतो आणि त्याचे टोक उजवीकडे वळते. दोघांमध्ये ‘म’च्या रुंदीएवढी जागा मोकळी आहे आणि ‘ळ’वर काहीच नाही. वेलांटीची कमान उंच आणि डौलदार काढण्याचा मोह आवरला पाहिजे, कारण ती जितकी मोठी होईल तितका शब्द डावीकडे झुकेल. मी ती ३० मिलिमीटरवर थांबवली आणि ४० ची पूर्ण उंची रफाराला दिली. रफाराचे टोक ‘ळ’च्या देठापर्यंत लांबवले. आता नजर वेलांटीवरून निघते, रफारावर चढते आणि ‘ळ’वर उतरते.

एक इशारा मात्र द्यावासा वाटतो. रफार इतका लांबवू नये की तो मात्रेसारखा वाचला जाईल. तोल साधण्याच्या नादात वाचनीयता गेली तर नावच बदलते. दोन अनोळखी माणसांना कोणतीही प्रस्तावना न करता शब्द वाचायला द्यावा. एकजण जरी अडखळला तरी मागे यावे. चिन्हांची जाडीही दंडापेक्षा थोडी कमी, साधारण १३ मिलिमीटर ठेवावी, कारण मोकळ्या पांढऱ्यावर एकटे उभे असलेले चिन्ह असते त्याहून ठळक दिसते.

अनुस्वार असलेल्या नावांत टिंबाचा व्यास दंडापेक्षा जास्त ठेवावा लागतो, नाहीतर तो गोल असल्यामुळे लहान वाटतो. उकार खाली येत असेल तर त्याच्या वजनाला वर काहीतरी उत्तर शोधावे. न सापडल्यास उकार दंडाच्या जास्तीत जास्त जवळ घ्यावा.

संपूर्ण आकृती आणि तिची चौकट

अक्षरे जुळली की शब्दाची बाह्यरेषा पाहावी. कागदावर शब्द पूर्ण काळा भरून त्याची छायाकृती तयार केली की कोणता भाग फुगलाय आणि कोणता पडलाय ते चटकन कळते. अक्षराच्या वरच्या आणि खालच्या भागांचे प्रमाणही इथेच तपासावे. नजरेचा मध्य भौमितिक मध्याच्या किंचित वर असतो, म्हणून रोमन ‘एस’चा किंवा ‘बी’चा वरचा कप्पा खालच्यापेक्षा लहान काढतात. ‘म’ची आडवी रेघ ठरवतानाही हे लक्षात ठेवावे.

लोगो वर्तुळात किंवा चौकोनात बसवायचा असेल तर संगणकातल्या ‘मध्यभागी आणा’ या आज्ञेवर विसंबू नये. काही वर्षांपूर्वी एका कामात मी तसेच केले आणि छापून आल्यावर पाहणाऱ्या प्रत्येकाने नाव खाली घसरल्याचे सांगितले. कारण साधे होते: आज्ञेने वेलांटीच्या टोकापासून पायापर्यंतची उंची धरून मध्य काढला, पण शब्दाचे खरे वजन शिरोरेषा आणि पाया यांच्यामध्ये होते. देवनागरीत मध्य ठरवताना शिरोरेषा ते पाया हा मुख्य पट्टा धरावा, तो चौकटीच्या मध्याशी जुळवावा आणि मग वरच्या चिन्हांसाठी तीन-चार टक्के खाली घेऊन डोळ्याने थांबावे.

नावाखाली लहान अक्षरांत दुसरी ओळ असेल तर तिची शिरोरेषा ही दुसरी आडवी पट्टी ठरते हे विसरू नये; दोन ओळींमधले अंतर ‘न’च्या आतल्या पांढऱ्यापेक्षा नक्कीच जास्त हवे. शेजारी रोमन नाव असल्यास देवनागरीची शिरोरेषा रोमन मोठ्या अक्षरांच्या उंचीला नेऊन भिडवू नये. ती रोमन लहान अक्षरांच्या उंचीपेक्षा वर आणि मोठ्या अक्षरांपेक्षा खाली ठेवली की दोन्ही लिप्या समान आकाराच्या वाटतात.

तपासणी

वाचता येणारा शब्द डोळा माफ करतो, म्हणून तपासताना तो वाचता येऊ नये अशी व्यवस्था करावी. चित्र उलटे धरावे, ट्रेसिंग पेपर उलटवून आरशातली प्रतिमा पाहावी, डोळे किलकिले करावेत, किंवा संगणकावर दंडाच्या जाडीइतके धूसर करून पाहावे. धूसर चित्रात शब्द एकसारखा करडा दिसला पाहिजे. जिथे काळा डाग उरतो तिथे सांधा किंवा गाठ आहे, जिथे पांढरे भगदाड दिसते तिथे अंतर आहे. ‘निर्मळ’ उलटा धरल्यावर ‘म’ची चौकट इतर अक्षरांपेक्षा गर्द असल्याचे मला दिसले आणि तिची रुंदी ७०वरून ७३ केली.

त्यानंतर आकार. १४० मिलिमीटर उंचीचे हे चित्र १६ पिक्सेलांत बसवले तर दंडाला दोनपेक्षा कमी पिक्सेल मिळतात आणि गाठीतली सहा मिलिमीटरची पोकळी एका पिक्सेलहूनही लहान होते, म्हणजे ती भरून जाते. मूळ चित्र नुसते लहान करून हा प्रश्न सुटत नाही. लहान आकारासाठी वेगळी आवृत्ती काढावी लागते: पोकळ्या मोठ्या, अंतरे थोडी सैल, रफार आणि वेलांटी शिरोरेषेपासून जास्त सुटी. अगदी लहान चिन्हासाठी पूर्ण शब्दाचा हट्ट सोडून एकच अक्षर घ्यावे, आणि इथे ‘ळ’ हा उत्तम उमेदवार आहे.

गडद पार्श्वभूमीवरच्या पांढऱ्या अक्षरांसाठीही वेगळी आवृत्ती हवी. प्रकाश कडेबाहेर पसरल्यासारखा भासतो आणि तीच अक्षरे जाड वाटू लागतात. पाठीमागून उजळणाऱ्या फलकावर तर हा परिणाम फार ठळक असतो. दंडाच्या जाडीतून दोन ते चार टक्के कमी करून मी सुरुवात करते आणि प्रत्यक्ष माध्यमावर पाहून थांबते.

अंतिम रेखाटन

व्हेक्टर रेखाटनात, म्हणजे संगणकावर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांनी केलेल्या रेखाटनात, बिंदू जितके कमी तितकी गोलाई नितळ. प्रत्येक वळणाच्या सर्वांत वरच्या, खालच्या, डाव्या आणि उजव्या टोकाला एक बिंदू ठेवावा आणि त्याचे हँडल, म्हणजे वळणाची दिशा ठरवणारी दांडी, पूर्ण आडवे किंवा पूर्ण उभे ठेवावे. ‘ळ’च्या दोन्ही पाकळ्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमा करून मोकळे होऊ नये, उजवी पाकळी शब्दाच्या टोकाला असल्यामुळे ती दीड-दोन मिलिमीटर रुंद ठेवली तरच दोघी सारख्या वाटतात. कागदावर केलेल्या दृश्य दुरुस्त्या संगणकाच्या जाळीला चिकटून सपाट होण्याची शक्यता असते, म्हणून जाळीला चिकटण्याची सोय या टप्प्यावर बंद ठेवावी.

काम पूर्ण झाले असे वाटल्यावर एक रात्र जाऊ द्यावी. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन आकारांत छापलेला कागद भिंतीवर लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून पाहावा आणि नजर सर्वांत आधी जिथे थांबते त्या जागेवर पेन्सिलीने खूण करावी. ती खूण नावाच्या पहिल्या अक्षरावर किंवा मुद्दाम उठाव दिलेल्या जागी पडली तर फाइल पाठवायला हरकत नाही. गाठीवर, सांध्यावर किंवा दोन अक्षरांमधल्या फटीवर पडली तर तेवढीच एक जागा दुरुस्त करून कागद पुन्हा छापावा.